उसना कान

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातला एक रेकॉर्डर बोलतोय. दुसऱ्यांचं बोलणं टिपून घ्यायचं आणि मागितलं की जसंच्या तसं परत द्यायचं, एवढंच माझं काम. त्यात माझा स्वतःचा असा शब्द कधी नव्हता. आज जे सांगणार आहे, ते माझ्या पोटातून केव्हाच पुसलं गेलंय. तरीही मला ते येतं. कसं येतं ते मला विचारू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर मी पुढे आलो तेव्हा निळी टोपी घातलेल्या एका मुलीनं मला तोंडाजवळ धरलं आणि कंटाळलेल्या आवाजात म्हटलं, "हॅलो, हॅलो, जेवणाची सुट्टी कधी होणार?" मग स्वतःचाच आवाज ऐकून ती हसली, आणि तिनं मला डब्यात घातलं. माझ्या कानावर पडलेले ते पहिले शब्द.

तिथून मी माझ्या भावंडांबरोबर तैवानातल्या किलुंग बंदराच्या बाजूच्या या विद्यापीठात आलो. आमच्या पाठीवर ग्रंथालयाची पट्टी चिकटवली गेली आणि आम्हाला एका काचेच्या कपाटात ठेवलं. आमच्याकडे पाऊस सरता सरत नाही. पुस्तकांनाही बुरशी धरते, मग यंत्रांचं काय! म्हणून ते कपाट हवेतली ओल शोषून घेणारं. ग्रंथालयाचं कार्ड दाखवलं की विद्यार्थी आम्हाला आठवडाभर घरी नेऊ शकत.

कपाटाची किल्ली च्वो लाओशींकडे असे. लाओशी म्हणजे आमच्याकडे शिक्षकाला म्हणतात ते. ग्रंथपाल असल्या तरी सगळे त्यांना तसंच म्हणत, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्या दर सत्रात 'संशोधन कसं करावं' याचे वर्ग घेत. लेख कुठे शोधायचा, दुसऱ्याचं वाक्य आपल्या लिखाणात घेतलं तर ते त्याच्या नावानं कसं द्यायचं, विषय कापून कापून हातात मावेल एवढा कसा करायचा. दुपारच्या वर्गाला जेवणाचा डबा फुकट असे. कोंबडीच्या तंगडीचा डबा असला की मुलांची ज्ञानाची ओढ एकदम वाढायची.

"'तैवानमधल्या स्त्रिया' हा विषय नाही रे," त्या एखाद्याला म्हणायच्या, "ती लोकसंख्या झाली. त्यातली एक बाई दाखव मला."

मुलाखत कशी घ्यावी, या वर्गात आमची पाळी यायची. मुलं जोड्या करून एकमेकांना प्रश्न विचारायची. कुणीतरी हमखास विचारायचं, "तेव्हा तुम्हाला खूप वाईट वाटलं असेल ना?" लाओशी टेबलावर टकटक करायच्या. "झालं. उत्तर तूच देऊन टाकलंस. आता समोरच्यानं नुसती मान हलवायची."

आणि शेवटी त्यांचं ठरलेलं सांगणं: "यंत्र सुरू करण्याआधी विचारा. कशासाठी हवंय ते सांगा. ज्याचं बोलणं आहे त्यानं उद्या 'काढून टाक' म्हटलं, तर काढून टाका. आणि परत देताना पुसून द्या. पुढच्या माणसानं तुमच्या आजीचं गुपित का ऐकावं?"

मुलं हसायची. वह्यांत लिहून घ्यायची.

इतक्या घरांत हिंडून मला माणसांची एक खोड कळली होती. माझा लाल दिवा लागला की माणूस ताठ बसतो, घसा साफ करतो, आणि वर्तमानपत्रासारखं बोलू लागतो. दिवा विझला की तोच माणूस सैल होतो, चहा ओततो, आणि म्हणतो, "खरं सांगू का..." खरं नेहमी माझ्या पाठीमागे बोललं जायचं. मला त्याचं वाईट वाटत नसे. तेच बरं होतं.

मग मला वान्यू घेऊन गेली.

यौ वान्यू एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. डोंगरातल्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींमध्ये राबलेल्या बायांवर ती प्रबंध लिहीत होती. हा विषय तिच्या घरातलाच. तिच्या अमानं, म्हणजे आजीनं, तरुणपणी खाणीच्या तोंडाशी कोळशाच्या गाड्या ढकलल्या होत्या. वान्यू लाओशींच्या प्रत्येक वर्गाला यायची, अगदी साध्या भाजीच्या डब्याच्या दिवशीसुद्धा.

अमाचं घर चढावर होतं. खाण बंद झाल्यावर माणसं खाली शहरात गेली, आणि वर मोजकी घरं उरली. शेजारचं घर आमानचं. दोघींच्या दारांमध्ये एक पाण्याचा पाट आणि त्यावर एक फरशी. आमानचा नवरा आकीम खाणीतल्या स्फोटात गेला, तेव्हापासून दोघी बायका एका ताटात जेवल्यासारख्या राहिल्या. सकाळची भाताची पेज अमाकडे, संध्याकाळचं बांबूच्या कोंबांचं सार आमानकडे.

वान्यूनं मला टेबलावर ठेवलं तेव्हा दोघी शेंगा सोलत होत्या.

"हे काय गं, दाढी करायचं यंत्र?" आमाननं विचारलं.

"आवाज घेतं हे, आमान अमा. माझ्या अभ्यासासाठी. चालेल ना तुम्हाला?"

"आमचा आवाज घेऊन विद्यापीठ काय करणार? कोंबड्या हाकलणार?"

दोघी खूप हसल्या. मग दिवा लागला आणि दोघी ताठ बसल्या. गाड्या किती जड असत, मुकादम कसा खेकसायचा, पोरं कोण सांभाळायचं, सगळं शहाण्यासारखं सांगून झालं. आमान कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून आपल्या घरी गेली. अमानं पाय पसरले.

"झालं का गं तुझं? ते लाल विझव. डोळ्यासारखं बघतंय मघापासून."

"झालं अमा. केलं बंद."

वान्यूचा अंगठा माझ्या बटणावर आला. मला त्याची ऊब कळली. तो क्षणभर तिथं थांबला, आणि न दाबताच उचलला गेला. तिनं मला पालथं घातलं, दिवा टेबलाकडे करून.

मी ऐकत राहिलो. मला स्वतःला बंद करता येत नाही.

अमानं शेंगांची टोपली पुन्हा पुढे ओढली. मग अमा म्हणाली, "तुझ्या आगोंगला त्या दिवशी ताप नव्हता." आगोंग म्हणजे आजोबा.

"कुठल्या दिवशी?"

"स्फोटाच्या. सगळा गाव म्हणतो ना, तापानं पडला म्हणून वाचला. ताप नव्हताच. आदल्या दिवशी घरी आला तो म्हणाला, आत दिव्याची ज्योत निळी पडतेय, वायू साचलाय. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, भित्रा आहेस. मी तुझ्या आगोंगचे पाय धरले, जाऊ नको म्हणून. सकाळी निरोप धाडला, अंग तापलंय. मुकादमानं त्याच्या जागी आकीमला लावलं."

"अमा..."

"जाताना आकीम दारात थांबला. मी पेज ढवळत होते. म्हणाला, 'वहिनी, याला नीट पाजा. आणि आमच्या आमानला सांगा, आज येताना मासा आणतो, चूल विझवू नको म्हणावं.' मी हो म्हटलं. एवढंच म्हटलं, हो. निळ्या ज्योतीचं ओठांवर आलं होतं गं. पण बोलले असते तर तो गेला नसता, आणि मुकादमानं आमच्या दोघांचं काम काढून घेतलं असतं. तुझा बाप पोटात होता."

"आणि निरोप? आमान अमाला सांगितलास?"

"कसा सांगू? आकीम तुझ्या दारात कशाला आला होता, विचारलं असतं तिनं, आणि मग तापाचंही बाहेर आलं असतं."

एवढ्यात पाटावरची फरशी वाजली. आमान टोपली घेऊन परत आली होती. "कुजबुज कसली चाललीय माझ्यावाचून?" ती म्हणाली. अमानं तिला बसायला जागा करून दिली.

ग्रंथालयात वान्यूनं ते सगळं आपल्या संगणकात उतरवून घेतलं आणि शब्दन् शब्द लिहून काढलं. तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत तिचे मार्गदर्शक, प्राध्यापक ल्यान, ती पानं वाचायला आले. मी टेबलावरच होतो. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

"हा तुझा प्रबंध," ते म्हणाले. "बाकीची प्रकरणं याच्याभोवती बांध."

"सर, ही माझी अमा आहे."

"नावं बदल ना. सगळेच बदलतात."

"आमच्या चढावर माणसंच किती राहिलीत? नाव बदललं तरी कोण ते सगळ्यांना कळेल."

"प्रबंध वाचायला तुझा गाव येणार आहे का?" ते हसून म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांना खरोखरच ते बोलणं मोलाचं वाटत होतं, आणि ते होतंही.

ते गेल्यावर वान्यू मला घेऊन च्वो लाओशींच्या टेबलाशी गेली. तिनं हकीकत सांगितली. लाओशींनी सगळं ऐकून एकच विचारलं.

"त्यांना ठाऊक होतं का, यंत्र चालू आहे ते?"

वान्यू माझ्या पाठीवरची पट्टी नखानं खरवडत राहिली.

"मी तुझ्यासमोर कितीदा सांगितलंय!" लाओशींचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी माना वर केल्या.

"मला सगळं पाठ आहे लाओशी. तुमच्या वर्गाला मी पहिल्या बाकावर असते." वान्यूनं मला टेबलावर ठेवलं. "मला वाटलं, हे आता गेलं तर कायमचं जाईल. अमा किती दिवसांची?"

लाओशी म्हणाल्या, "जा, आणि त्यांना सांग. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील."

वान्यूनं मला पुन्हा डोंगरावर नेलं. अमा अंगणात मुळ्याच्या फोडी वाळत घालत होती. वान्यूनं सांगून टाकलं. अमानं हात पुसले, मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे सारं यात आहे? माझ्या आवाजात?"

"हो. तू म्हणशील तर आत्ता पुसते. संगणकातलंही पुसते. अमा, माझं चुकलं."

अमानं रागावून बोलायला हवं होतं. वान्यू त्याचीच वाट पाहत होती. अमा पायरीवर बसली आणि म्हणाली, "आमानला हाक मार."

"अमा, नको!"

"माझ्या तोंडून एवढ्या वर्षांत निघालं नाही. आता तरी कुठून निघणार? यातून निघालंय, तर यातून ऐकू दे तिला. ते सगळं तिचंच आहे. मी नुसतं दाबून धरलं होतं."

आमान ओल्या हातांनीच आली. "काय मेलं एवढं तातडीचं?" वान्यूनं बटण दाबलं. मी जे घेतलं होतं ते दिलं, एकही शब्द न गाळता. मला गाळता येत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, यायला हवं होतं.

आमान उभ्यानंच ऐकत होती. अमा जमिनीकडे बघत होती. संपलं तेव्हा पाटातल्या पाण्याचा आवाज एकदम मोठा वाटला.

"तो काय म्हणाला, तेवढं पुन्हा लाव," आमान म्हणाली.

वान्यूला ती जागा सापडायला वेळ लागला. '...आज येताना मासा आणतो, चूल विझवू नको म्हणावं.'

"मी विझवली होती," आमान हळू म्हणाली. "घरी यायला उशीर केला म्हणून रागानं विझवली होती. म्हटलं, येऊ दे, खाऊ दे थंड भात."

"आमान..." अमानं हात पुढे केला.

आमाननं तो हात पाहिला, पण धरला नाही. ती फरशीवरून आपल्या घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आमानचं दार दिवसाउजेडी बंद असलेलं वान्यूनं कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कोंबांचं सार कुणी आणलं नाही. सकाळी अमानं नेहमीसारखी दोघींपुरती पेज केली आणि ती निवेपर्यंत दारात बसून राहिली.

काही दिवसांनी वान्यू आमानच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मुठीत होतो, बंद. आमान पायरीवर बांबूचे कोंब सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आमान अमा, माझी अमा म्हणते, हे लिहिलं तरी चालेल. आता लपवायचं काही उरलं नाही म्हणते. पण तुम्हाला विचारल्याशिवाय..."

"तिला चालेल गं. तिला ओकून मोकळं व्हायचंय." सुरी कोंबात खचकन शिरली. "माझ्या नवऱ्याचं मरण तुझ्या पुस्तकात वाचून लोक चुकचुकणार. मग मला विचारणार, एवढी वर्षं तिच्याच घरी जेवलीस होय?"

"मग नाही लिहीत."

"लिहू नकोस." मग ती म्हणाली, "त्याचं तेवढं वाक्य मला काढून दे. मला ऐकता येईल असं. बाकी पुसून टाक."

"ते वाक्य माझ्या अमाच्या आवाजात आहे."

आमानची सुरी थांबली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला हव्या असलेल्या त्या शब्दांना आवाज होता तो जिच्याशी तिला बोलायचं नव्हतं तिचा.

"दे तसंच," ती शेवटी म्हणाली.

प्राध्यापक ल्यान यांना पटलं नाही. "हातचं सोनं मातीत टाकतेस," ते म्हणाले. "एकीचा होकार आहे ना तुझ्याकडे?"

"सर, मी तेव्हा यंत्र बंद केलं नव्हतं," वान्यू म्हणाली. "बंद केलं असं अमाला खोटं सांगितलं."

प्राध्यापकांनी पानांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. प्रबंध पुन्हा उभा करायला वान्यूला आणखी एक सत्र लागलं. तिच्या बरोबरीच्या मुलांनी पदवीच्या टोप्या उडवून फोटो काढले, तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर जुने अहवाल चाळत बसली होती. तिचा प्रबंध आता खालच्या मजल्यावर आहे. त्यात गाड्या आहेत, मुकादम आहे, पोरं सांभाळण्याच्या तऱ्हा आहेत. चांगला आहे म्हणतात. आकीम त्यात नाही.

आमानला तेवढं वाक्य काढून देऊन आणि संगणकातलं पुसून ती मला परत करायला आली, तेव्हा च्वो लाओशींच्या समोरच तिनं मला पुसलं. छोट्या पडद्यावर 'सर्व पुसायचे का?' असं आलं, आणि दोघी त्याकडे बघत राहिल्या.

"लाओशी, एकीनं हो म्हटलं, एकीनं नाही. मी बरोबर केलं का?"

"मला ठाऊक नाही," लाओशी म्हणाल्या. "माझ्या वर्गात मी एका माणसाचं बोलणं शिकवते. दोघींचं एकच दुःख असलं तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही." त्यानंतरच्या सत्रापासून त्या वर्गात हा प्रश्न मुलांपुढे ठेवू लागल्या, नावंगावं न सांगता. मुलं खूप भांडतात. उत्तर निघत नाही. तास संपतो.

आता मी म्हातारा झालोय. मुलांच्या फोनमध्येच सगळं असतं. फोनच बोलणं घेतो, लिहूनही काढतो. माझी भावंडं मोडीत गेली. मला लाओशींनी वर्गात दाखवायला ठेवून घेतलं. मुलं मला हातात घेऊन हसतात. "केवढं जड! हे खरंच लोक नेत होते?" हो बाळांनो, नेत होते. आणि तुम्हाला वाटतंय त्याहून मी जड होतो.

परवा वान्यू आली होती. ती आता खालच्या गावात शाळेत शिकवते. लाओशींनी तिला चहा दिला आणि भीत भीत विचारलं, "त्या दोघी?"

"अमाला आता कमी ऐकू येतं. गेल्या महिन्यात आमान अमा आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. काही न बोलता बसली, टोपलीभर शेंगा सोलल्या, आणि गेली."

"मग अमा काय म्हणाल्या?"

"म्हणाली, निम्मी टरफलं दाण्यांतच ठेवून गेली. आंधळी झालीय मेली." वान्यू हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

"आणि पुन्हा आल्या?"

"अजून नाही."

लाओशींनी तिचा पेला पुन्हा भरला.

माझं ऐकलंत, बरं वाटलं. आता एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्या ओठांशी येऊन काहीतरी परत फिरत असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा. घाई करू नका. अभ्यासासाठी आम्हाला न्यायचं असेल तर खुशाल न्या, आम्ही त्यासाठीच आहोत. पण एखाद्या दिवशी आम्हाला कपाटातच राहू द्या, आणि रिकाम्या हातांनी जा. त्या दिवशी जे ऐकाल, ते कुठे ठेवायचं हे मात्र तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.